राणीनं वाक्य बदललं

"डॉक्टर, राणी आहे ती, म्हैस नाही!" साळोखेकाका खुर्ची मागं सारून उठले. "नाडी मनगटाला असते. जबड्याखाली काय शोधताय?"

डॉक्टर विश्राम ढवळेंनी राणी कुमुदवतीच्या हनुवटीखालची दोन बोटं झटकन काढून घेतली. "सवय हो," ते ओशाळून म्हणाले. "गुरांची तिथंच लागते. नाहीतर मग शेपटीच्या मुळाशी."

"तिकडे अजिबात जायचं नाही," राणी म्हणाली.

मला हसू फुटलं. मी नाटकातल्या राणीची दासी चंपिका, माझ्या हातात पितळी समई, आणि समोर राणी वेडानं मरायला टेकलेली. मी समई तोंडासमोर धरली, पण समईनं काय तोंड झाकतं? साळोखेकाका माझ्याकडे वळले. "वृषाली, बाहेर जा. हसून ये. मग आपण परत राणीला मारू."

राणी म्हणजे माझ्या सासूबाई. इंदुमती आवटी, मिरजेच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना आवटीबाई म्हणायचं, मी आई म्हणायचे. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, त्याला अपघातात जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. एकमेकींना जपायचो, इतकं जपायचो की मोठ्यानं बोलायचीही चोरी. टीव्हीचा आवाज लहान, भांड्यांचा आवाज लहान. मी एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते. आईंनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही, पण संध्याकाळी घरी यायला उशीर झाला की त्या दारात उभ्या असायच्या, आणि मी दिसले की काही न बोलता आत जायच्या.

अशा घरात साळोखेकाका नाटक घेऊन आले. ते एसटीचे निवृत्त डेपो मॅनेजर. त्यामुळं आवाज असा, की कुजबुजले तरी शेवटच्या फलाटावर ऐकू जावं. त्यांना हौशी नाटकांच्या स्पर्धेत 'राणी कुमुदवती' ही शंभर वर्षांपूर्वीची शोकांतिका करायची होती. राणी आपल्या पोराला गादी मिळावी म्हणून सावत्र मुलाला दुधातून विष घालते. पुढं त्या पापानं तिला वेड लागतं. हातात चांदीची वाटी आणि मलमलचा तुकडा घेऊन ती महालभर दूध गाळत फिरते. शेवटच्या अंकात वैद्यराज आणि दासी यांच्यासमोर ती मरते. आईंनी कॉलेजात असताना हीच राणी केली होती. त्या पहिल्यांदा नाही म्हणाल्या, दुसऱ्यांदाही नाही म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा साळोखेकाका दाराशी आले तेव्हा आतून पहिल्या अंकाचं स्वगत ऐकू येत होतं.

दासीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून मी. आणि वैद्यराजाच्या कामाला ढवळे डॉक्टर, कारण साळोखेकाकांची अडलेली म्हैस त्यांनी वाचवली होती. काका म्हणाले, "तुमचे उपकार मी विसरणार नाही, तुम्हाला भूमिका देतो." डॉक्टर इतके गरीब स्वभावाचे की त्यांना नाही म्हणता आलं नाही.

आता माझं खरं दुखणं सांगते. ढवळे डॉक्टरांना मी आधीपासून ओळखत होते. त्यांचा चष्मा सारखा तुटायचा. "म्हशीनं लाथ मारली," म्हणत ते दुकानात यायचे, आणि दुरुस्तीला पाच मिनिटं लागत असली तरी अर्धा तास बसायचे. वय अडतीस, लग्नाचं राहून गेलेलं. कुठल्या गावात कुणाच्या गाईला जुळी झाली, कुठल्या बैलाला गाणं ऐकवलं की तो इंजेक्शन घेऊ देतो, असलं काहीबाही सांगायचे. ते गेले की मी दिवसभर गालातल्या गालात हसायचे. मग एकाएकी ते यायचे बंद झाले. वर्षभर नाही. म्हशींनी लाथा मारायचं सोडलं की काय, असं मी मनाशी म्हणायचे, आणि मला उगाच रडू यायचं.

आणि आता तेच डॉक्टर रोज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये, माझ्यापासून चार हातांवर, आणि नजर जमिनीवर! मला 'वहिनी' म्हणायचे. नाटकात त्यांचं मला उद्देशून एकच वाक्य होतं, "चंपिके, दीप आण." त्या वाक्यासाठी सकाळपासून माझा जीव टांगणीला लागायचा. दुकानात गिऱ्हाईकाला पाटीवरची अक्षरं वाचायला सांगताना मनात आपलं चालूच, चंपिके, दीप आण. घरी आमटीत दोनदा मीठ घातलं. एकदा तर अजिबात घातलं नाही. आईंनी मुकाट्यानं खाल्लं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

एकदा तालमीत मी त्यांच्यापुढं चहाचा कप धरला. "घ्या ना. आलं घातलंय."

त्यांनी कप घेतला, पण बोटाला बोट लागणार नाही असा, बशीच्या काठाला धरून. मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी काकांना सांगून काम सोडतो. तुमचा निर्णय मला तेव्हाच मान्य होता."

"कसला निर्णय?"

"वैद्यराज! राणी मरायची थांबलीय!" तिकडून काका गरजले आणि डॉक्टर चहा सांडत पळाले.

मी घरी येईपर्यंत डोकं खाजवत होते. मला वाटलं, समई डाव्या हातात धरायची की उजव्या, याबद्दल बोलत असतील.

गंमत म्हणजे नाटक बसेना, ते आईंमुळं. पाठांतर चोख. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण वेड काही लागेना. त्या इतक्या ताठ मानेनं आणि स्वच्छ उच्चारांत वेड्या व्हायच्या, की बघणाऱ्याला वहीत उतरवून घ्यावंसं वाटावं.

"बाई," काका काकुळतीला आले, "वेड लागल्यावर कुणी इतकं शुद्ध बोलतं का?"

"व्याकरणाचा आणि वेडाचा काय संबंध?"

"अहो, पाप केलंय तिनं! ते तिला आतून कुरतडतंय. असं करा, तुम्ही स्वतः केलेलं एखादं पाप आठवा. असेल की! कुणाचं नसतं?"

मी परत हसणार होते. आवटीबाई आणि पाप! एखाद्या मुलीला अर्धा गुण कमी दिला असेल फार तर. पण आई हसल्या नाहीत. मंचावर होत्या तिथंच खाली बसल्या, पाणी मागितलं, आणि "आज पुरे" म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या विचित्र वागायला लागल्या. भाजी निवडता निवडता मध्येच थांबायच्या. माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि "मेथी जून निघाली" असं काहीतरी म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "वृषाली, तुला ढवळे कसे वाटतात?"

माझ्या हातातून लाटणं पडलं. "नट म्हणून?"

"हो. नट म्हणूनच."

"बरे आहेत," मी खाली वाकून लाटणं शोधत म्हणाले. लाटणं समोरच होतं.

"हं," आई म्हणाल्या. "आणि पोळी तू तव्यावर नाही, गॅसवर टाकलीस."

स्पर्धा सांगलीला होती. आमचा प्रयोग दुपारी. नाट्यगृह भरलेलं, पुढच्या रांगेत तीन परीक्षक, मिरजेहून आईंच्या जुन्या विद्यार्थिनींची अख्खी फौज आलेली. पहिले दोन अंक झकास झाले. विष घालताना आईंनी असा आवाज लावला की कुणाच्या तरी मांडीवरचं मूल रडायला लागलं. काका विंगेत पुस्तक धरून उभे होते आणि आनंदानं स्वतःच्याच मांडीवर थापा मारत होते.

शेवटचा अंक. राणी वेडी. वाटीच्या तळाशी कपडे धुवायची नीळ लावून ठेवलेली असायची, म्हणजे दूध ओतलं की ते विषानं निळसर झालेलं दिसावं. पण त्या दिवशी कुणी चिमटीऐवजी मूठभर नीळ टाकली होती कोण जाणे! आईंनी मलमल धरून दूध ओतलं आणि ते असं गडद निळं झालं की शाईच जणू. मलमल निळी, आईंची बोटं निळी, आणि वैद्यराज नाडी बघायला पुढं झाले तर त्यांची दाढीही निळी. कारण गडबडीत ते परत जबड्याखालीच गेले, आणि आईंनी निळ्या हातानं त्यांना बाजूला सारलं.

मी समई गच्च धरली. ओठ दातांखाली. पोटात हसण्याचा गोळा वर चढत होता.

"सहस्र वेळा गाळलं," राणी म्हणाली, "तरी याचं निळेपण जात नाही. वैद्यराज, आपल्यापाशी यावर मात्रा आहे?"

"महाराणी, ही व्याधी देहाची नव्हे," डॉक्टर म्हणाले. "चंपिके, दीप आण."

मी दीप आणला. आता राणीचं वाक्य होतं, "दीप नको, मला माझाच चेहरा दिसतो." आई ते बोलल्या नाहीत. त्या वाटीत बघत उभ्या राहिल्या.

"दीप नको," विंगेतून काकांची कुजबूज आली. ती तिसऱ्या रांगेपर्यंत गेली असणार.

आई वाटीतलं निळं दूध हलवत राहिल्या.

"दीप नको! बाई, दीप नको!"

आई वाक्य विसरल्या? ज्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली त्या? मग त्यांनी मान वर केली. माझ्याकडं नाही, डॉक्टरांकडं बघितलं.

"वैद्यराज," त्या म्हणाल्या, "आपण एकदा माझ्या द्वारी आला होतात. आपल्या ज्येष्ठ भगिनी सोबत होत्या."

पुस्तकाची पानं फडफडल्याचा आवाज आला. काका ते वाक्य शोधत होते.

"आपण या चंपिकेला मागणी घातली होती. ही तेव्हा घरात नव्हती. मी म्हणाले, तिची इच्छा नाही. तिला पुन्हा संसार करायचा नाही. आपण मान खाली घालून निघून गेलात." राणीची भाषा गळून पडली. "मी तिला विचारलंच नव्हतं हो. एका शब्दानं विचारलं नाही. मुलगा गेला, आता हीसुद्धा गेली तर या घरात मी कुणाशी बोलू, एवढंच डोक्यात होतं. खोटं बोलले. वर्ष झालं. रोज वाटतं सांगावं, आणि रोज मेथी निवडते."

मेथी! शंभर वर्षांपूर्वीच्या राणीच्या तोंडी मेथी! पण सभागृहात कुणी हसलं नाही. मागं कुणीतरी हुंदका दिल्याचं ऐकू आलं.

आणि मी? माझ्या कानात नुसतं घुमत होतं. निर्णय. तुमचा निर्णय मला मान्य होता.

"विचारलंच नव्हतं?" डॉक्टर म्हणाले. तो आवाज वैद्यराजाचा नव्हता. निळ्या दाढीतून चष्म्याच्या दुकानातले ढवळे डॉक्टर बोलत होते.

"नाही." आई माझ्याकडं वळल्या. "आता विचारते. सगळ्यांदेखत विचारते, म्हणजे मला परत लपवता यायचं नाही. चंपिके, तुझी इच्छा आहे का?"

तो हसण्याचा गोळा इतका वेळ दाबून धरला होता, तो सुटला. मी हसले. रंगमंचावर, शोकांतिकेत, मरणाऱ्या राणीसमोर मी खदखदा हसले. डोळ्यांतून पाणी वाहतंय, समई हेलकावे खातेय, आणि मला थांबता येत नाहीय. पडदा पाडा, असं कुणीतरी विंगेत म्हणालं, आणि काका म्हणाले, "खबरदार!"

"आहे," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल," आई म्हणाल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीला म्हणायच्या तशाच.

"आहे, महाराणी! आहे!"

डॉक्टरांच्या हातातली औषधांची पेटी खाली पडली. सुंठी आणि हिरडे मंचभर पसरले. आईंनी पदर सावरला, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाल्या, "दीप नको. मला माझाच चेहरा दिसतो."

विंगेत काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तोही तिसऱ्या रांगेपर्यंत गेला.

पुढचा प्रसंग आठवला की आजही माझं पोट दुखतं. राणी कोसळली. वैद्यराजानं नाडी बघून, आकाशाकडं हात करून म्हणायचं होतं, "हाय! दैवानं डाव साधला! महाराणी गेल्या!" डॉक्टरांनी हात वर केले, पण त्यांच्या तोंडावर असा आनंद फाकला होता की जणू लॉटरीच लागलीय! "महाराणी गेल्या!" ते गर्जले, बारशाचे पेढे वाटावेत तसे. मी राणीच्या अंगावर पडून आक्रोश करायचा होता. मी आईंच्या कुशीत तोंड खुपसलं आणि हसत सुटले. खांदे गदगदत होते, लोकांना वाटलं दासी शोकानं वेडी झाली. तेवढ्यात जाणवलं की खालचं प्रेतही गदगदतंय.

"आई, हलू नका," मी पुटपुटले.

"तू हसू नकोस मग," प्रेत म्हणालं, आणि मला दंडाला सणसणीत चिमटा बसला.

पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या.

काका मात्र मेकअपच्या खोलीत फणफणत आले. "चाळीस वर्षं नाटकं बघतोय मी! राणी मरायच्या आधी दासीचं लग्न जमवून जाते, हे कुठल्या प्रतीत आहे, दाखवा मला!" मग आईंच्या निळ्या हातांकडं बघून त्यांचा आवाज उतरला. "पण बाई, वेड मात्र खरं लागलं हो आज."

आम्हाला एकही बक्षीस मिळालं नाही. संहितेत परवानगीशिवाय बदल केला म्हणून आम्ही स्पर्धेतून बाद झालो. एका परीक्षकांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की राणी अविस्मरणीय होती, फक्त वैद्यराज तिच्या मरणानं इतका का खूष झाला, ते अखेरपर्यंत उलगडलं नाही. काकांनी त्यांना आमच्या लग्नाची पत्रिका पाठवली. त्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. आईंनी आमच्याकडं राहायला यायला साफ नकार दिला. "मला एकटीनं राहायची भीती वाटते ना, मग तेच शिकायला हवं," म्हणाल्या, आणि शिकल्याही. घरात मुलींना नाटकाचे धडे द्यायला लागल्या. पुढं पुढं त्या घरात इतका दंगा असायचा की आम्ही फोन केला तरी त्यांना ऐकू यायचं नाही.

पण हे सगळं इतकं सरळ झालं, असं नाही. त्या संध्याकाळी टेम्पोतून मिरजेला परतताना डॉक्टर पुढं ड्रायव्हरशेजारी होते. सारखे मागं वळून बघत होते. मागं आम्ही दोघी, राणीच्या सिंहासनावर दाटीवाटीनं बसलो होतो, कारण टेम्पोत दुसरी जागाच नव्हती. हसू ओसरलं होतं, आणि त्याच्या जागी काहीतरी वेगळंच वर येत होतं.

"एक वर्ष, आई," मी म्हणाले.

"हो."

"मी रडत होते. तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं." त्यांनी स्वतःचं समर्थन केलं नाही. नीळ लागलेले हात मांडीवर उघडे ठेवून बसल्या. "तू रागाव. मला चालेल."

मी रागावले. रेल्वेचा पूल येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. पुलावर टेम्पोला धक्का बसला, सिंहासन कलंडलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींचा हात धरला. मग तो सोडायचा राहून गेला.

मिरजेचे दिवे दिसायला लागले तेव्हा आई म्हणाल्या, "अजून एक सांगायचं राहिलंय. मंचावर नाही सांगू शकले."

"काय?"

"त्या दिवशी ते दोघं येताना कुंदा घेऊन आले होते. बेळगावचा, खव्याचा. शेरभर. मी नाही म्हटल्यावर तो तसाच राहिला कपाटात. परत द्यायला जायचं धाडस होईना. टाकवेना. तुला द्यावा तर कुठून आला म्हणून विचारशील."

"मग?"

आईंनी मागं पडणाऱ्या रस्त्याकडं बघितलं.

"मी खाल्ला. तू कामावर गेलीस की रोज थोडा थोडा. रडत रडत खायचे."

मी त्यांच्याकडं बघितलं. राणी कुमुदवती, चेहऱ्याला निळे पट्टे, अंगावर जरीचा शालू, मान खाली.

"चांगला होता का?" मी विचारलं.

"फार चांगला होता गं," आई म्हणाल्या.